कौसाक्काचा मगज

कौसाक्का कुणाच्याही घरी गेली की पाणी पिण्याआधी त्या घरातल्या लेकराचा जबडा उघडून बघते. डाव्या हातानं हनुवटी धरायची, उजव्या अंगठ्यानं खालचा ओठ ओढायचा आणि निकाल सांगून टाकायचा : "आदत है अजून," किंवा "दोन दाती झालं की वं हे!" आमच्याकडं शेळ्यामेंढ्यांचं वय असंच बघतात. दुधाचे दात असले की आदत, मग दोन दाती, चार दाती, असं करत सगळे दात येऊन तोंड जुळेपर्यंत. माणसाच्या लेकराला वेगळं माप लावावं असं आक्काला कधी वाटलं नाही. आमच्या शाळेत नव्यानं आलेल्या बाईंच्या मुलीचा जबडा तिनं असाच उघडला, तेव्हा बाई घाबरून उभ्याच राहिल्या. आक्कानं त्यांना धीर दिला, "भिऊ नका बाई. चांगलं है लेकरू, दात बराबर है," आणि पोरीच्या ओंजळीत भुईमुगाच्या शेंगा घालून ती पुढच्या घराला निघाली.

कौसाक्का माझी थोरली बहीण. कागदोपत्री कौसल्या, पण त्या नावानं तिला कुणी हाक मारलेली मला आठवत नाही. आमचं गाव औंढा आणि जवळा बाजार यांच्या मधलं. थोडी कोरडवाहू जमीन, थोडी मेंढरं आणि शेळ्या. आक्का चौथीनंतर शेळ्यांमागं गेली, मी शाळेत गेलो आणि पुढं घराण्यातला पहिला पदवीधर झालो. पण या पदवीधराच्या अंगात रक्त आहे ते तिचं. सख्ख्या भावाबहिणीत एक रक्त असतं, तशा अर्थानं मी म्हणत नाही. तपासून घेतलेलं, नळीतून माझ्या अंगात आलेलं, खरोखर तिचं.

मी नऊ वर्षांचा असताना मला रक्ताचा कर्करोग झाला. आमचा हिंगोलीचा भाग तेव्हा परभणी जिल्ह्यातच होता. परभणीहून नांदेड, नांदेडहून खाली दक्षिणेतल्या एका मोठ्या दवाखान्यात, असं करत आबा मला खांद्यावर घेऊन पोचले. खर्च कसा उभा राहिला ती वेगळी कहाणी आहे. त्यात पुष्कळ लोकांचे हात लागले आणि ते उपकार मी विसरलेलो नाही. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की याच्या हाडांतला मगज बिघडलाय, तो काढून दुसऱ्याचा घालावा लागेल, आणि सख्ख्या भावंडाचा जुळला तर उत्तम. मला भावंड एकच. ती शेळ्या सोडून पहिल्यांदा रेल्वेत बसली आणि जुळली.

मगज म्हणजे काय, हे आम्हाला समजावून सांगायची गरज नव्हती. मटणाची नळी ताटावर आपटून मगज काढणाऱ्या घरातले आम्ही. आक्कानं फक्त एवढंच विचारलं, "कोन्त्या हाडातला काढनार?" हिंदी जाणणारी एक नर्स होती, ती म्हणाली, कमरेच्या. आक्का विचारात पडली. "मांडीत जास्ती रहता ना?" तिनं आमच्याकडच्या हिंदीत विचारलं. नर्स पदर तोंडाला लावून हसत बाहेर गेली. आबांचे डोळे मात्र भरून आले होते. "पोरीला काई तकलीफ तर न्हाई ना होनार?" असं ते पुन्हा पुन्हा विचारत होते. आक्काच त्यांना म्हणाली, "काढू द्या आबा. हाडं लई हैत मला."

तिचा मगज घालण्याआधी माझ्या अंगातलं जुनं सगळं मोकळं करावं लागलं. जबर औषधं दिली आणि एका यंत्रासमोर निजवून अंगभर किरणं सोडली. मग काचेच्या खोलीत एकट्याला ठेवलं आणि आक्काचा मगज रक्तासारखाच पिशवीतून माझ्या अंगात सोडला. डॉक्टर म्हणाले, आता या शरीरानं हा मगज आपला मानला पाहिजे आणि मगजानं हे शरीर. नाहीतर भांडण लागतं.

"म्हंजे अंगी लावायचं," आक्का म्हणाली.

आई मेलेलं कोकरू दुसऱ्या मेंढीच्या अंगी लावतात. मेंढी आधी त्याला हुंगते आणि लाथ मारते. मग कुणीतरी तिच्याजवळ बसून, तिला चुचकारत, तिच्याशी बोलत राहावं लागतं. आक्का कमरेला पट्ट्या असतानाच लंगडत माझ्या काचेशी येऊन बसली आणि बोलायला लागली. माझ्याशी नव्हे, तिच्या मगजाशी. "ए, गपगुमान ऱ्हाय तिथं. माहा भाऊ है त्यो. परकं घर न्हाई ते. लाथा मारू नको." बाजूच्या खोल्यांतले नातेवाईक तिच्याकडं बघायचे. भाषा कुणाला कळत नव्हती, पण रागावते आहे एवढं कळायचं. काही आठवड्यांनी डॉक्टरांनी सांगितलं, मगज रुजला. आक्काला त्याचं नवल वाटलं नाही. "ऐकते त्यो माहं," एवढंच म्हणाली.

माझा रक्तगटही बदलला. जुना गेला आणि तिचा आला. ही गोष्ट गावात आल्यावर तिनं इतकी वापरली की विचारू नका. मी कबड्डीत एखादा गडी मारला की ती बांधावरून ओरडायची, "रक्त कुनाचं?" वर्गात पहिला आलो की माझा हात धरून आळीभर फिरवायची आणि प्रत्येक दारात तोच सवाल : "रक्त कुनाचं?" एकदा गणितात नापास झालो. मास्तरांनी तिला गाठून विचारलं, "काय कौसाबाई, आता रक्त कुणाचं?" ती म्हणाली, "रक्त माहंच है गुरुजी. डोकं त्याचं त्याचं है. डोकं म्या न्हाई दिलं."

दवाखान्यातून येताना डॉक्टरांनी दर वर्षी तपासायला यायला सांगितलं होतं. दोन वर्षं आम्ही गेलो. रक्त एकदम चांगलं निघालं. त्यानंतर आबांनी औंढ्याच्या नागनाथाला बोललेला नवस फेडला, गावाला भंडारा घातला, आणि इथंच आमचं चुकलं. पुढच्या वर्षी जायचं निघालं तेव्हा आबा म्हणाले, "नवस फिटला. आता पुन्हा दवाखान्याची पायरी चढलो, तर देव म्हनंल, ह्यांचा माह्यावर भरवसा न्हाई." आमच्याकडं ही फार मोठी गोष्ट असते. देवाशी व्यवहार पुरा झाला की तो पुन्हा उकरून काढायचा नसतो. आबांना कुणी अडवलं नाही. आक्कानंही नाही. पोरगं पळत होतं, खेळत होतं, आणखी काय पाहिजे?

हिंगोलीचा जिल्हा झाला त्या वर्षी आक्काचं लग्न झालं आणि ती नरसी नामदेवच्या पुढं एका गावात नांदायला गेली. इकडं माझी वाढ थांबत चालली होती, पण ती थांबते आहे हे कळायलाही वेळ लागतो. मायला आधी बरंच वाटलं. एकच चड्डी दोन दिवाळ्या पुरत होती. पुढं वर्गातली पोरं वर सरकली आणि मी होतो तिथंच राहिलो. प्रार्थनेच्या रांगेत मी सातवीत पुढं उभा राहायचो, दहावीतही तिथंच. वैशाखात मला गोधडी लागायची. बसल्या जागी झोप यायची. चेहरा सुजल्यासारखा, कातडी कोरडी. सोळावं लागलं, बरोबरीच्या पोरांचे आवाज फुटले, ओठांवर काळी रेघ आली. माझा आवाज पोरीसारखा तो तसाच.

आणि मग सोपानमामा बोलला. सोपानमामा म्हणजे मायचा चुलतभाऊ. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात कासरे, दावी आणि बैलांचे गोंडे विकायचा आणि त्याबरोबर चेष्टा फुकट वाटायचा. माहेरी आलेली आक्का आणि मी बाजाराला गेलो होतो. मला बघून तो भर गर्दीत म्हणाला, "अगं कौसे, ह्याच्यात मगज तुहा घातला ना? मंग मिशी कुठून उगवंल? पुढच्या बाजारी ह्याला बांगड्या भर!"

लोक खो खो हसले. आक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मामा, तुमच्यात तर तुमचाच मगज है ना? मंग तुमाला अक्कल काहून उगवली न्हाई?"

लोक आणखी हसले, आणि त्या दिवशी आक्का जिंकली. पण मामाचं बोलणं गावोगाव गेलं. ते लोकांना पटण्यासारखं होतं. बाईचा मगज, बाईचं रक्त, मग बापयाची मिशी येणार कशी? माझ्याहून दोन दोन वर्षांनी लहान पोरंही मला 'कौसाबाई' म्हणून चिडवायला लागली. आक्काच्या सासरीही सासूबाई एकदा म्हणाल्या म्हणे, "भावाला जीव दिला खरा, पर मर्दपन घेतलं."

त्या पंचमीला आक्का माहेरी आली. शेजारच्या सगळ्या लेकरांचे जबडे तिनं उघडले, माझा उघडला नाही. दहावीला मला पहिला वर्ग मिळाला होता. 'रक्त कुनाचं?' हा सवाल येईल म्हणून मी तिच्यासमोर घुटमळत राहिलो. "चांगलं झालं," एवढंच ती बोलली. संध्याकाळी ती शेळीची धार काढत होती. मी जवळ जाऊन बसलो. खाली मान घालूनच तिनं विचारलं,

"मारत्या, माह्याच्यानं झालं का रे हे?"

"काय?"

"हेच. तुहं वाढनं थांबलं ते. माहा मगज बाईचा."

मी तिला नाही म्हणायला पाहिजे होतं. पण मलाही खरं काय ते ठाऊक नव्हतं. चरवी भरून फेस बाहेर आला तरी तिचा हात चालूच होता.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन औंढ्याला गेली. नागनाथाचा गाभारा खाली आहे, वाकून उतरावं लागतं. तिथं पिंडीपुढं हात जोडून ती जे बोलली ते मी शेजारी उभा राहून ऐकलं. मागं रांग खोळंबली होती. "देवा, आबानं नवस केला त्यो जिवाचा केला व्हता. पोरगं जितं घरी येऊ दे म्हनला. तू आनलं. भंडारा झाला. तुहं आमचं त्या बाबतीत काई देनंघेनं न्हाई. पर वाढ त्या नवसात धरली नव्हती. वाढीचं मी डॉक्टरला इचारून येते. तू मनात धरू नको." मागून पुजारी म्हणाला, "बाई, चला पुढं." आक्का म्हणाली, "थांबा जरासं, त्याला कळू द्या."

घरी येऊन तिनं हेच आबांना सांगितलं. नवसात वाढ नव्हती. आबांनी तंबाखू मळून दाढेखाली धरली. मग म्हणाले, "बराबर है. वाढ न्हाई धरली आपन." आक्कानं धाकटी लेक मायपाशी ठेवली, भाऊजींना निरोप धाडला आणि आम्ही दोघं दक्षिणेकडं निघालो.

डॉक्टर तेच होते, केस पांढरे झालेले. त्यांनी रक्त तपासलं आणि माझ्या डाव्या हाताचा फोटो काढला. हाताच्या हाडांवरून वाढीचं वय कळतं. ते म्हणाले, हाडं बारा वर्षांच्या पोराची आहेत. आक्कानं मान डोलावली. "हम दाँतां पे से देखते, तुम हड्डियां पे से." मग ती खुर्चीच्या कडेला सरकली आणि ज्यासाठी एवढं लांब आली ते विचारलं. "डॉक्टरसाब, मेरे कू सीधा बताव. मेरा मगज डाला ना इसमें, उसकी वजा से हुआ क्या ये?"

डॉक्टर आधी हसले. मग तिचा चेहरा बघून थांबले. त्यांनी सावकाश, अडखळत्या हिंदीत समजावून सांगितलं. ते मी माझ्या शब्दांत सांगतो. मगजाचा काही दोष नव्हता. मगज घालण्याआधी जागा मोकळी करायला जी औषधं आणि किरणं दिली, त्यांची धग शरीरातल्या इतर ग्रंथींनाही लागली होती. पेरणीआधी वावरातली धसकटं जाळावी आणि बांधावरची बोरही होरपळावी, तसं. गळ्यातली ग्रंथी मंद झाली होती, म्हणून थंडी, झोप आणि सूज. पोराचा पुरुष करणाऱ्या ग्रंथींनाही धग लागली होती, म्हणून आवाज आणि मिशी अडकली होती. असं पुष्कळ लेकरांत वर्षांनंतर दिसतं. म्हणूनच दर वर्षी या म्हटलं होतं. लवकर कळलं असतं तर उंचीही आणखी हाती लागली असती.

"मतलब बीज अच्छा था?" आक्कानं विचारलं.

"एकदम अच्छा."

"फिरसे बोलो."

डॉक्टर पुन्हा बोलले. तिनं तिसऱ्यांदाही बोलायला लावलं. मग डॉक्टरांनीच एक गंमत सांगितली. रक्त तिचंच असल्यामुळं माझ्या रक्ताची बारीक तपासणी केली तर ते आजही बाईचंच निघेल. आक्काचं तोंड पुन्हा उतरलं. डॉक्टर घाईनं म्हणाले, "लेकिन मूँछ खून से नहीं आती!"

एक गोष्ट मात्र त्यांनी हळू आवाजात सांगितली. मिशी येईल, आवाज येईल, पण पुढं मूल होईल याची आशा फार धरू नका. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. मिशी येणार याच आनंदात मी होतो आणि बाकीचं मला ऐकूच आलं नाही. आक्काला आलं. तिनं खुर्चीवरून हात लांब करून माझी मान धरली, आणि डॉक्टरांचं बोलणं संपेपर्यंत सोडली नाही.

परतीच्या रेल्वेत तिनं मला डॉक्टरांचं सगळं बोलणं पाठ करायला लावलं. "शिकलेला हैस ना? मंग घोक." मी घोकत होतो आणि ती भाकरी खात चुका काढत होती. "बी चांगलं व्हतं, हे आधी घे. धगीचं मागून." पुढच्याच आठवडी बाजारी सोपानमामाच्या कासऱ्यांपुढं तिनं मला उभं केलं आणि मी कविता म्हणावी तसं सगळं म्हणून दाखवलं. माणसं गोळा झाली. मामानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते समदं ठीक है. पर मिशी कवा?"

"यील," आक्का म्हणाली. "आली की पैल्यांदा तुमालाच दावते."

रोज सकाळी उपाशीपोटी गळ्याच्या ग्रंथीसाठी एक गोळी. ती जन्माची. काही महिन्यांनी आवाज आणि मिशीसाठी दुसरा उपचार सुरू झाला. महिन्याला एक सुई, औंढ्याच्या सरकारी दवाखान्यात. गोळी आणि चहा यांत अंतर पाहिजे, हे आक्कानं मायला अशा धाकात सांगून ठेवलं होतं की माय चुलीवर चहाचं भांडंच उशिरा ठेवायची. आणि मागची चूक पुन्हा होऊ नये म्हणून आक्कानं नागनाथाला एक वेगळाच नवस बोलून ठेवला : मारत्या दर वर्षी तपासून आला की दर वर्षी एक नारळ, त्याचा जीव आहे तोवर. "हा नवस फिटतच न्हाई आबा," तिनं सांगून टाकलं. "म्हंजे जायाचं बंदच करता येत न्हाई." आबांना त्यातून वाट सापडली नाही. आजही ते नारळ चालू आहेत. हाडं, साखर, हृदय सगळं बघतात. उंची आबांएवढी झाली नाही, पण आक्कापेक्षा मी चार बोटं उंच आहे आणि ते ती जाऊबाईंना उभं करून दाखवते.

पुढं माझ्या लग्नाची बोलणी निघाली तेव्हा मूल न होण्याचं पोरीकडच्यांना कसं सांगायचं याची सगळ्यांना चिंता होती. आक्कानं प्रत्येक बैठकीत पोहे यायच्या आधीच ते सांगून टाकलं. तीन घरांनी पोहेही दिले नाहीत. चौथ्या घरात पोरगी आतून म्हणाली, "पोहे घ्या." तीच माझी बायको. दोन वर्षांनी आम्ही एक मुलगी दत्तक घेतली. ती घरी आली त्या दिवशी आक्कानं आधी काय उघडून बघितलं, हे सांगायला नको.

पण तिचं नाव निघालं की मला दिसते ती सुया सुरू झाल्यावर वर्षा-दीड वर्षानंतरची, जवळा बाजारची आक्का. माझ्या वरच्या ओठावर नीट बघितलं तर दिसेल अशी काळसर लव आली होती. तिनं मला बाजारात नेलं, लिंबाखाली बसणाऱ्या न्हाव्यापुढं बसवलं आणि सोपानमामाला हाताला धरून ओढत आणलं.

"घ्या. बघा."

मामा वाकला. डोळे बारीक केले. "है," तो म्हणाला. "व्हय, है गड्या!" आणि त्यानं स्वतःच्या खिशातून पेढ्याची पुडी काढून माझ्या हातात दिली. म्हणजे आधीच आणून ठेवली होती.

न्हाव्यानं वस्तरा हातात घेऊन विचारलं, "काय काढू बाई? हे तर अजून पीसच है."

"जे है ते काढ. अन् ह्याच्यावर ठिव." तिनं पळसाचं पान पुढं केलं. तेव्हा कळलं की देवाला 'वाढीचं मी डॉक्टरला इचारते' म्हणून सांगणाऱ्या आक्कानं मागच्या दारानं आणखी एक नवस बोलून ठेवला होता. लेकराचं जावळ वाहतात, तशी माझी पहिली मिशी नागनाथाला. मी म्हणालो, "डॉक्टरवर भरवसा न्हाई का तुहा?" ती म्हणाली, "है ना. दोघावर है."

पान दुमडून मुठीत घट्ट धरून ती औंढ्याच्या काळी-पिवळीत जाऊन बसली. माझ्या एका गालाला साबण तसाच होता. मला बरोबर न्यायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही. जीप निघाली, थोडी पुढं जाऊन थांबली, आणि खिडकीतून तिचं डोकं बाहेर आलं.

"मारत्या! सकाळची गोळी खाल्ली का?"

सगळा बाजार वळून बघायला लागला. माझा आवाज गेल्या काही दिवसांत फाटायला लागला होता. लाज वाटून मी हळूच बोलायचो, म्हणून घरात कुणाला कळलं नव्हतं. पण जीप लांब होती. ओरडावंच लागलं.

"खाल्ली!"

अर्धा शब्द पोराचा निघाला आणि अर्धा बापयाचा. न्हाव्याचा हात थांबला. मग आक्का कमरेपर्यंत बाहेर आली, पान धरलेली मूठ तिनं छातीशी दाबली होती.

"पुन्ना म्हन!"

"खाल्ली आक्का! गोळी खाल्ली!"

ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आतली माणसं ओरडत होती. मग तिनं मोकळ्या हातानं जीपच्या पत्र्यावर जोरात थाप मारली, आणि जीप धुरळ्यात दिसेनाशी होईपर्यंत बाजारभर तिचा आवाज येत राहिला,

"रक्त कुनाचं?"